साठवण आणि आठवण

आईला फोन केला की माझा पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो. "नळ आला का गं?" असं मी विचारते आणि ती बोटांवर दिवस मोजून सांगते. नांदगाव सोडून मला पंचवीस वर्षं झाली, तरी घरात पाणी किती आहे हे समजल्याशिवाय घरची खुशाली कळल्यासारखी वाटत नाही. गिरणा धरण आमच्याच तालुक्यात, पांझणजवळ. त्याचे कालवे मात्र पुढे जळगाव जिल्ह्याकडे जातात. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण आम्हाला कुणी समजावून सांगावी लागली नाही. शेजारच्या मनमाडला उन्हाळ्यात पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवस नळाची वाट बघणं अंगवळणी पडलेलं. आमच्या भागात घर बांधताना पाणी कुठे साठवायचं ते आधी ठरतं, देवघराची जागा मग.

मी विषाणूंवर काम करते. डेंग्यू किंवा चिकुनगुन्याचा विषाणू शरीरात शिरला की शरीर त्याला कसं ओळखतं, ती ओळख किती वर्षं टिकते आणि कधीकधी तीच ओळख अंगाशी कशी येते, हा माझा विषय. पुण्यातल्या प्रयोगशाळेत वीस वर्षं मी अनोळखी माणसांच्या रक्तातली आठवण वाचत आले. आमच्या घरातल्या पाण्याच्या साठवणीशी तिचं नातं किती जवळचं आहे, हे मात्र मला बरंच उशिरा उमगलं.

2006 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मालेगावात तापाची मोठी साथ आली. माझी आत्या मालेगावात दिलेली. यंत्रमागांची खडखड तिच्या गल्लीत रात्रीही थांबत नसे. मी भेटायला गेले तेव्हा ती दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून भिंतीला टेकून बसली होती. ताप चार दिवसांत उतरला होता, पण सांधे धरले ते धरलेच. "धुणं पिळायचं हातच विसरले बघ," म्हणाली. चहाचा कप ती ओंजळीत धरल्यासारखा धरायची. पुढे सहा महिने तिच्या पोळ्या सुनेने लाटल्या.

चिकुनगुन्या हा शब्द आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला, अर्थ साधारण 'वाकवून टाकणारा'. आपल्याकडे हा विषाणू 1963 मध्ये कोलकात्यात सापडला. 1973 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची मोठी साथ झाली आणि त्यानंतर तो जवळजवळ तीस वर्षं दिसेनासा झाला. 2005 च्या अखेरीस परत आला तो आफ्रिकी वाणाचा होता. 2006 या एका वर्षात देशभरात सुमारे 13 लाख 90 हजार संशयित रुग्णांची नोंद झाली. साथ इतकी का पसरली, याचं एक उत्तर त्या तीस वर्षांतच आहे. मधल्या काळात जन्मलेल्या पिढीच्या रक्तात या विषाणूची कसलीच आठवण नव्हती. मी तेव्हा नुकतंच पीएचडीला नाव नोंदवलं होतं आणि विषय ठरायचा होता. मालेगावहून परतताना एसटीत तो ठरला.

आमच्याकडची सगळ्यात विश्वासाची चाचणी तशी जुनीच. काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकच्या तबकडीत वेरो नावाच्या पेशी वाढवायच्या. माकडाच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या या पेशी जगभर वापरतात. त्या तळाला जाजम अंथरल्यासारख्या पसरतात. मग रुग्णाचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पिवळसर पाणी, दुप्पट-दुप्पट पातळ करत न्यायचं. प्रत्येक पातळीवर ते विषाणूत मिसळून तासभर उबेला ठेवायचं आणि पेशींवर सोडायचं. वरून खळीसारखा घट्ट थर घालून पाच-सहा दिवस वाट बघायची. शेवटी जांभळा रंग ओतून धुतलं की जिथे विषाणूने पेशी मारल्या तिथे पांढरी भोकं दिसतात. ती मोजायची. सीरमने भोकं निम्म्यावर आणली, तर या माणसाचं रक्त या विषाणूला ओळखतं असं समजायचं. सुरुवातीला एकदा माझ्या तबकड्यांत जंतू शिरले आणि तीन आठवड्यांचं काम नळाखाली धुवून टाकावं लागलं. हात किती सावकाश चालवायचा ते मी त्या दिवशी शिकले.

विषाणू वाढवायला आम्ही डासाच्या पेशी वापरतो. सी6/36 असं नाव असलेल्या या पेशी आज जगात कुठल्याही डेंग्यूच्या प्रयोगशाळेत सापडतील. त्यांचं मूळ पुण्यात आहे, हे आपल्या मुलांना शाळेत सांगायला हवं. 1952 मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर सुरू केलं. तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. तिथे 1967 मध्ये के. आर. पी. सिंग यांनी नुकत्याच अंड्यातून निघालेल्या डासांच्या अळ्यांपासून पेशींची अखंड वाढणारी वंशावळ तयार केली. 1978 मध्ये इगाराशी या जपानी शास्त्रज्ञाने तिच्यातलीच एक शाखा निवडली, ती ही. परदेशातल्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा गेले तेव्हा तिथल्या शीतकपाटात या पेशींची कुपी पाहिली आणि गाववाली भेटल्यासारखं वाटलं.

त्याच केंद्राच्या अगदी पहिल्या कामांपैकी एक म्हणजे लोकांच्या रक्ताला विचारणं: बाबा, तुला कोण कोण भेटून गेलंय? स्मिथबर्न, केर आणि गटणे यांनी भारतातल्या लोकांचं सीरम वेगवेगळ्या विषाणूंसमोर ठेवलं आणि 1954 मध्ये निष्कर्ष छापले. युगांडात 1947 मध्ये सापडलेल्या झिकालाही काहींचं रक्त ओळख देत होतं. पुणे जिल्ह्यातल्या बेलसर गावात 2021 मध्ये महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण सापडला, तेव्हा मी तो जुना लेख पुन्हा काढून वाचला. झिका आणि डेंग्यू भाऊबंद आहेत. एकाला ओळखणारं रक्त दुसऱ्यालाही चुकून हात करतं. म्हणून त्या जुन्या निष्कर्षावरून झिका तेव्हाच आपल्याकडे होता असं मी ठामपणे म्हणणार नाही. पण माणसं विसरतात तेव्हा रक्ताला विचारावं, हा धडा त्या तिघांनी घालून दिला आणि मी अजून तोच गिरवते आहे.

आता एका कुपीबद्दल सांगते.

एका ऑक्टोबरात नाशिक जिल्ह्यातून नमुन्यांची पेटी आली. पावसाळा सरता सरता डेंग्यूचा जोर असतो, तेव्हा अशा पेट्या रोजच येतात. कुपीवर नाव नसतं, फक्त सांकेतिक क्रमांक. सोबतच्या कागदावर वय, तालुका आणि तापाचा कितवा दिवस एवढंच. ते योग्यच आहे. त्या दिवशी मात्र एका ओळीवर माझं बोट थांबलं. वय 9, मुलगी, तालुका नांदगाव, तापाचा पाचवा दिवस.

ताज्या संसर्गात शरीर आधी आयजीएम नावाची प्रतिपिंडं बनवतं, ती साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी दिसू लागतात. आयजीजी मागाहून, सावकाश येतात आणि वर्षानुवर्षं राहतात. या मुलीच्या रक्तात पाचव्या दिवशीच आयजीजीचा पूर लोटला होता. याचा अर्थ शरीर हे शत्रूचं तोंड दुसऱ्यांदा बघत होतं. कधीतरी तीन-चार वर्षांची असताना तिला डेंग्यू होऊन गेला असणार. घरच्यांनी मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या कपाळावर ठेवल्या असतील, दोन दिवस अंगणवाडी बुडाली असेल आणि सगळे विसरून गेले असतील. किंवा ताप आलाच नसेल, कारण डेंग्यूच्या चारांपैकी तीन संसर्ग जाणवतसुद्धा नाहीत. 2017-18 मध्ये देशातल्या 15 राज्यांत 12,300 लोकांचं रक्त तपासलं गेलं, तेव्हा 48.7 टक्के लोकांना डेंग्यू होऊन गेल्याची खूण सापडली. त्यातल्या कितीजणांना ते माहीत असेल?

एकदा होऊन गेला म्हणजे सुटलो, असं डेंग्यूत नसतं. चिकुनगुन्या एकाच प्रकारचा; आत्याला तो पुन्हा होईल अशी मला भीती वाटत नाही. डेंग्यूचे प्रकार चार. पहिल्या प्रकाराने आजारी पडलात तर त्याच्यापासून जवळपास जन्मभराचं संरक्षण मिळतं, पण बाकीच्या तिघांपासून काही महिन्यांपुरतंच. पुढे रक्तातली प्रतिपिंडं ओसरतात आणि एका मधल्या पातळीला येतात. ती पातळी धोक्याची. दुसऱ्या प्रकारचा विषाणू आला की ही जुनी प्रतिपिंडं त्याला पकडतात खरी, पण निकामी करू शकत नाहीत. भक्षक पेशींना मात्र प्रतिपिंडांचं शेपूट ओळखता येतं. त्या अख्खी जोडी आत ओढून घेतात. साप पोत्यात धरला, तोंड न बांधताच पोतं घरात आणून ठेवलं, तसं होतं. आत गेलेला विषाणू तिथेच वाढतो.

हे मी पुस्तकात वाचलं होतं. प्रयोगात पहिल्यांदा दिसलं तो दिवस अजून लख्ख आठवतो. संमती घेऊन जपून ठेवलेलं एक जुनं सीरम होतं. दाट असताना त्याने विषाणू रोखला. पातळ करत गेले तशी त्याची पकड सुटत गेली, हेही अपेक्षित होतं. पण आणखी पातळ केल्यावर संसर्ग वाढला. सीरम अजिबात न घातलेल्या पेशींपेक्षाही जास्त झाला. मी तोच प्रयोग तीनदा केला. पुस्तकातलं वाक्य खरं ठरताना बघायचा आनंद होता आणि त्याच वेळी पोटात खड्डाही पडला होता, कारण या सीरममागे एक जिवंत माणूस होतं आणि त्याच्या संरक्षणाचंच हत्यार मी त्याच्यावर उलटताना बघत होते.

1960 च्या दशकात थायलंडमधल्या मुलांवर काम करताना स्कॉट हॉलस्टेड यांनी ही कल्पना मांडली, तेव्हा अनेकांना ती पटली नव्हती. क्युबाने ती पटवून दिली. तिथे 1977 मध्ये डेंग्यूचा पहिला प्रकार आला आणि सौम्य साथ होऊन गेली. 1981 मध्ये दुसरा प्रकार आला आणि 158 माणसं दगावली, त्यांत 101 मुलं होती. 1997 मध्ये सँतियागो शहरात पुन्हा दुसरा प्रकार पसरला, तेव्हा गंभीर आजारी पडले ते वीस वर्षांपूर्वीच्या साथीतले, आता प्रौढ झालेले लोक. वीस वर्षं रक्ताने ती आठवण जपली होती.

लशीचं कामही याच वाटेवर अडखळलं. फिलिपिन्समध्ये 2016 पासून आठ लाखांहून जास्त शाळकरी मुलांना डेंग्यूची लस दिली गेली. ज्यांना आधी कधीच डेंग्यू झाला नव्हता त्यांना पुढच्या संसर्गात धोका वाढू शकतो, असं नोव्हेंबर 2017 मध्ये उत्पादकांनीच जाहीर केलं. त्या मुलांसाठी लसच पहिला संसर्ग ठरली होती. यावरून लशी वाईट असं म्हणणारी माणसं मला भेटतात आणि प्रत्येक वेळी मी त्यांच्याशी वाद घालते. चारही प्रकारांची पक्की आठवण एकदम देणारी लस हवी, एवढाच याचा अर्थ. ऑगस्ट 2024 मध्ये रोहतकला आपल्या देशातल्या एका लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी सुरू झाली. मी तिची वाट बघते आहे.

मधली दोन वर्षं कोविडने नेली. एप्रिल-मे 2020 मध्ये मालेगावच्या बातम्या बघताना आत्याचा फोन लागेपर्यंत जीव थाऱ्यावर नसायचा. तिला काही झालं नाही. त्या काळाबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे.

नांदगावच्या त्या मुलीचं पुढे काय झालं, ते मला कळलं नाही. क्रमांकामागचं नाव शोधायचा मला अधिकार नाही आणि मी शोधलंही नाही. ती पेटी आली त्या वर्षी दिवाळीला मनमाडला गाडी बदलून घरी गेले. नळ आदल्या दिवशीच येऊन गेला होता. मोरीत सिमेंटची टाकी, मागच्या दारी तीन निळे ड्रम, ओट्याखाली रांजण, जिन्याखाली पिंप, सगळं काठोकाठ. मी टॉर्च आणला आणि एकेक झाकण उचललं. तिसऱ्या ड्रममध्ये उजेड पडताच वळवळ झाली आणि पंधरा-वीस अळ्या खाली सरकल्या. एडिसच्या, म्हणजे डेंग्यू-चिकुनगुन्या पसरवणाऱ्या डासाच्या अळ्या. ज्या डासाच्या पेशी मी पुण्यात मायेने वाढवत होते, त्याची सख्खी बहीण माझ्या आईच्या पाण्यात वाढत होती.

"आई, हे ओतून टाक."

आईने माझ्याकडे बघितलं. "काल पाणी आलंय. आता ओतते, आणि पुढचे दहा दिवस काय प्यायचं ते तू सांग."

मला उत्तर देता आलं नाही. आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करा, कोरडा दिवस पाळा, हे मी कितीतरी व्याख्यानांत सांगितलं होतं. हा सल्ला पुण्यातला होता. आमच्याकडे उबदार दिवसांत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात आणि नळ त्याहून उशिरा येतो. एका नळापासून दुसऱ्या नळापर्यंत डासांची एक पिढी घरात आरामात तयार होते. वर्षानुवर्षं मी प्रतिपिंडांची पातळी मोजली, पण ज्या घरात वाढले तिथला हा साधा हिशेब मांडला नव्हता. बायकांना पाणी फेकायला सांगणं आणि नकार दिला की त्यांना अडाणी म्हणणं, हे आपण शिकलेल्या लोकांनी थांबवलं पाहिजे. कळशीभर पाण्याचं मोल त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

मग आम्ही दोघी बसलो. मी डासाची सवय सांगायची, आईने घराची. डासाची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या कडेला वरच्या ओल्या भिंतीवर चिकटवते, हे ऐकून आई म्हणाली, "मग ओतायचं कशाला? भिंत घासायची." नळ येण्याच्या आदल्या दिवशी पाणी तळाशी गेलेलं असतं. तेव्हा उरलेलं बादलीत काढायचं आणि आतून काथ्याने खसखसून घासायचं, असा वार तिने लावला. जुनं धोतर दुहेरी करून तिने ड्रमच्या तोंडांना इलॅस्टिक लावलेल्या टोप्या शिवल्या. प्लास्टिकची झाकणं कडेला वाकलेली असतात, त्यातून डास आत जातो. वापरायच्या पाण्याच्या टाकीत आशाताईंनी गप्पी मासे आणून सोडले. त्या ड्रममधलं पाणी आम्ही फेकलं नाही. कापडातून गाळून वापरलं, अळ्या मातीत टाकल्या. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गल्लीतल्या बहुतेक ड्रमांवर धोतराच्या टोप्या होत्या. माझ्या कुठल्याही शोधनिबंधाने एवढं काम केलेलं नाही.

त्याच दिवाळीच्या मुक्कामात शेजारच्या मुलाला डेंग्यू निघाला. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. जो येईल तो विचारे, "पेशी किती झाल्या?" कुणी पपईच्या पानांचा रस आणला, कुणी बकरीच्या दुधासाठी सायकल काढली. मी मुलाच्या आईला विचारलं, "सकाळपासून लघवीला कितीदा गेला?" तिला आठवेना. गेलाच नव्हता. पोट दुखतंय म्हणून तो कूस बदलत होता, दोनदा उलटी झाली होती. आम्ही त्याला लगेच नाशिकला हलवलं. चार दिवसांनी तो चालत घरी आला.

डेंग्यूत पेशी, म्हणजे प्लेटलेट, कमी होतात, पण बहुतेकदा जिवावर बेततं ते रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांतून पाझरू लागल्यामुळे. आणि हे नेमकं ताप उतरण्याच्या सुमाराला घडतं, जेव्हा घरचे निर्धास्त होतात. म्हणून ताप गेल्यावरचे दोन दिवस जास्त जपायचे. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, यांपैकी काहीही दिसलं तर पेशींच्या आकड्याची वाट न बघता दवाखाना गाठायचा. तापात पॅरासिटामॉल चालतं. अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन टाळायचं, त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

माझ्या टेबलावर आजही नाशिक जिल्ह्याची पेटी आली की मी आधी तालुक्यांच्या रकान्यावरून नजर फिरवते. नांदगावचा नमुना नसला तर बरं वाटतं. असला तर हातमोजे चढवते आणि कामाला लागते.

नळ येण्याच्या आदल्या दिवशी तुमची टाकी आतून घासा. एडिसची अंडी कोरड्या भिंतीला चिकटून कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी चढलं की फुटतात.